पणती निघंना

"बाई, दसरा काढला का?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की समजायचं, गॅसवरचं दूध आता देवाच्या भरवशावर. आमच्या बीडमध्ये दसरा नुसता येत नाही, तो काढावा लागतो. घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, सतरंजी, पडदा धुवायचा, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, कोळिष्टकं पाडायची, ह्या सगळ्याला मिळून 'दसरा काढणं'. ज्या घरचा निघाला नाही त्या घराची चर्चा कंपाउंडवर निघते.

"कुठला काढता काकू," मी म्हटलं, "उघडीप आहे का चार तासांची? गोधड्या वाळवायच्या कुठं?"

"तेच की. तिकडं बिंदुसरा दुथडी भरून चाललीय आन् हिकडं नळाला थेंब नाही. पाण्यात राहून तहानलेले आपण." काकूंनी कपबशी भिंतीच्या माथ्यावर टेकवली. आमची भिंत छातीइतकी उंच आहे. तिच्यावर उन्हाळ्यात शेवया वाळतात, पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि बारा महिने काकूंचा चहा थंड होतो. त्यांनी मान पुढं काढली, आवाज खाली आणला. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, पण आवाज खाली आणल्याशिवाय बातमीला बातमीपण येत नाही.

"ती पणती निघाली का हो?"

कोणती पणती हे विचारायची गरज नव्हती. कोपऱ्यावरच्या वहिनींच्या घराची रस्त्याकडची खिडकी आम्हा दोघींच्या अंगणातून लख्ख दिसते. दोन काचांची सरकती खिडकी, स्लायडिंग म्हणतात ती. तिच्या डाव्या काचेवर एक लालभडक पणती आहे. २०२३च्या दिवाळीत काढलेली. मध्ये चोवीसची दिवाळी येऊन गेली, आता पंचवीसची महिन्यावर आली, पणती जागची हललेली नाही.

"निघंना," मी म्हटलं.

"कशी निघंल माय? शिंगाचा रंग तो!"

याला एक आधीचा अध्याय आहे. वहिनींची लेक चित्रकलेत हुशार. आता नववीत आहे, पण पाचवी-सहावीपासून सणावाराला खिडकी रंगवायचं वेड तिनंच आमच्या गल्लीत आणलं. पहिल्या वर्षी तिनं पोस्टर कलरनं 'शुभ दीपावली' लिहिलं. काचेच्या आतून लिहिलं, बाहेरून पाऊस-धुरळा लागतो म्हणून. आतून झकास दिसलं. बाहेर रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र सगळी अक्षरं पाठमोरी. काकू तेव्हा संध्याकाळी देवळातून येताना खिडकीपुढं बराच वेळ थांबल्या होत्या आणि भिंतीवर येऊन मला म्हणाल्या होत्या, "बाई, ह्यांनी दिवाळीचं उर्दूत कामून लिहिलंय? उजवीकडून डावीकडं चाललंय सगळं. आमचे मामंजी निजामाच्या शाळेत शिकलेले, ते असते तर त्यांनी वाचून दाखवलं असतं."

मी जन्मभर शाळेत फळ्यावर लिहिलेलं, तरी मलाही हे आधी सुचलं नव्हतं. मग पोरीला युक्ती सांगितली. पातळ कागदावर गडद स्केचपेननं सरळ लिहायचं, तो कागद बाहेरच्या बाजूनं काचेला चिकटवायचा, तोंड रस्त्याकडं. मग आत येऊन पलीकडून उमटलेल्या उलट्या अक्षरांवरून ब्रश फिरवायचा, न वाचता. वाचत लिहिलं की हात सुलट व्हायला बघतो. दुसरी अडचण अशी की काच म्हणजे काही भिंत नव्हे. मातीची भिंत रंगातलं पाणी पिते आणि रंग धरून ठेवते. काच काहीच पीत नाही. नुसता पाण्यातला रंग तिच्यावर घामासारखे थेंब धरतो. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकले की रंग सारखा पसरतो, आणि सण झाला की ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत जातो. हे सगळं पोरीला जमलं होतं.

पण २०२३च्या दिवाळीत ऐन धनत्रयोदशीला तिच्या लाल रंगाची बाटली आटली. दुकानात जायला कुणी मोकळं नाही. तिच्या भावानं माडीवरून डबा आणून दिला. गावाकडं पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट. पूर्वी शिंगांना हिंगूळ लावायचे, आता डबा आणतात. शिंगावर बसलेला तो रंग पुढचा पोळा येईस्तोवर टिकतो. बैल उन्हापावसात राबतो, चिखलात बसतो, झाडाला शिंगं घासतो, तरी टिकतो. मग खिडकीच्या काचेवर, जिला कुणी घासत नाही, तिथं तो किती टिकावा?

"संक्रांतीला तर मी सांगितलं होतं वहिनींना," काकू म्हणाल्या. "म्हटलं, अहो सण बदलला, चित्र बदला. लोक म्हणतेत, ह्या घरात अजून दिवाळीच चाललीय का? तर पोरीनं काय करावं? त्या पणतीलाच सुगड केलं!"

ते मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पणतीचं पोट तसंच ठेवून वर पांढऱ्या रंगानं गळा ओढला, त्यातून उसाची कांडकी, बोरं, हरभऱ्याचे घाटे बाहेर काढले. राहिली ज्योत. तिला हिरवा पाला चिकटवला तर ज्योतीचं गाजर झालं. उलटं गाजर, टोक वर. पण संक्रांतीच्या वाणात गाजर कोणत्या तोंडानं बसलंय हे कोण बघतं?

"मी बघितलं," काकू म्हणाल्या.

पाडव्याला पेच पडला. पोरीच्या डोक्यात आलं की सुगडाचा तांब्या करावा आणि खाली काठी ओढून गुढी उभी करावी. ऊस-बोरं पाण्याच्या रंगातली होती, ती पुसली. काठी झाली, हिरवी साडी झाली, लिंबाचा डहाळा झाला, साखरेच्या गाठी झाल्या. आणि तांब्या सुलटा! गुढीवर तांब्या पालथा घालतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिच्या गुढीवर तो सुलट, वर तोंड करून, आणि त्यात अजून जळती ज्योत. ऑइलपेंट पालथा घालता येत नाही. त्या आठवड्यात आमच्या भिंतीवर याच विषयाचं पारायण झालं. सुलट्या तांब्यानं घरातलं काय काय सांडतं, कुणाच्या चुलत जावेकडं असंच झालं होतं, मग काय झालं, हे काकूंनी मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा शेवट वेगळा होता.

"पण एक सांगते," काकू आज म्हणाल्या, आणि कपातला चहा न पिताच ओतून दिला, "आपल्या लहानपणी ही काच-बिच कुठं होती? माळवदाची घरं. भिंतीला खिडकी असलीच तर वीतभर, गज लावलेली. उजेड यायचा तो दारातून, नाहीतर वरच्या झरोक्यातून. रंगवायचं काय, तर देवळी."

देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा, दिवा ठेवायचा. तिच्याभोवती गेरूची चौकट, चौकटीला पांढरे ठिपके. काकूंच्या आईचा हात या कामात बसलेला होता. काडीला चिंधी गुंडाळायची, गेरूत बुडवायची, आणि एका श्वासात कड ओढायची. मध्ये श्वास घेतला की रेघ थरथरते, म्हणे. पांढऱ्या मातीचा पोतारा, खालून गेरूचा पट्टा. ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांच्याकडं चुना. चुन्याची कळी टिपाडात टाकून पाणी ओतलं की टिपाड उकळायला लागायचं, पोरं लांबून बघायची. त्यात चिमटीभर नीळ, मग अंबाडीच्या वाखाचा कुंचा. पहिला हात दिला की भिंत काहीच दिसायची नाही, ओली ओली, कळकट. दुपारी भाकरी खाऊन बघावं तर पांढरीशुभ्र. चुना नुसता सुकत नाही, तो हवेतला वायू ओढून हळूहळू दगड होत जातो. हे मी सातवीच्या वर्गाला शिकवायची. काकूंना ते शिकवायची गरज नव्हती. त्या म्हणतात, "चुना दम खातो."

आणि त्या भिंतीवर प्रत्येक सण येऊन बसायचा. दिव्याच्या अवसेला जिवतीचा कागद, पंचमीला गंधाचा नाहीतर हळदीचा नागोबा, महालक्ष्म्या यायच्या दिवशी उंबऱ्यापासून पावलं, दिवाळीत अंगणात शेणाच्या गवळणी. चैत्रात काही घरांत रांगोळीचं चैत्रांगण. सगळं पुसलं जाणारं. पुढच्या सारवणात मागचा सण गडप. कुणाला खरवडावं लागत नव्हतं.

"आता बघा," काकू म्हणाल्या, "कुणाच्याबी कंपाउंडवर बघा, ती काडीकाडीची माणसं. हातात हात धरून गोल फिरायलीत. ह्यांच्या आज्यानं काढली होती का ती आपल्याकडं?"

वारली. काकूंचं खरं आहे. डहाणू-पालघरकडच्या झोपडीत लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठानं बायका चौक लिहायच्या. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात नवं कंपाउंड बांधलं की पेंटर विचारतो, वारली करू का? आमच्या गेरूच्या चौकटीला असं भाग्य लाभलं नाही. ती कड ओढणाऱ्या बायकांना आपण चित्र काढतोय असं वाटलंच नव्हतं. त्या नुसता दसरा काढत होत्या.

"आन् कापसाचं सांगितलं का तुम्हाला?" काकूंना एका विषयातून दुसऱ्यात जायला पूल लागत नाही. "मागल्या नाताळाला तिकडं बाजारात एका केकवाल्यानं काचेवर कापूस चिकटवला होता. म्हटलं, काय झालं बाबा, काच फुटली का काय? तर म्हणे बर्फ. मी म्हटलं, भाऊ, ह्या जिल्ह्यात वेचणीला माणूस मिळंना, आन् तू कापूस काचेला लावायला?"

२०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. तो घरात भरून ठेवून भाव वाढायची वाट बघणारी माणसं आमच्या गल्लीतही आहेत. त्यांनी तो बर्फ बघितला असेल तर काय वाटलं असेल, मी सांगू शकत नाही. काकूंचा भाचा अमेरिकेत आहे. तिकडं डिसेंबरात शेजारीपाजारी काचेवर पांढऱ्या रंगानं हिमाची फुलं काढतात, त्याच्या मुलीनं त्यात आकाशकंदील काढला. फोटो काकूंच्या फोनमध्ये आहे. हातभर लांब धरून त्या मला तो दर पंधरा दिवसांनी दाखवतात.

मी म्हटलं, "काकू, पाडव्याचं तुम्ही अर्धंच सांगता पण. म्हातारीचं सांगत नाही."

काकू गप्प झाल्या. क्वचित होतात.

आमच्या गल्लीच्या पाठीमागं, नाल्याच्या अलीकडं, पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. शिरूर कासारकडचं घर, इथं येऊन राहिलेलं. म्हातारीचा लेक आणि सून मिळून एक कोयता. म्हणजे मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक आकडा, उचल त्या आकड्यावर. दसरा झाला की बाजेपासून तव्यापर्यंत सगळा संसार ट्रॅक्टरवर घालून कारखान्याच्या वाटेला लागायचं, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. तिथं फडाच्या कडेला कोपी. दिवाळी उसात, संक्रांत उसात. घरी राहते म्हातारी आणि शाळेसाठी मागं ठेवलेला एक नातू. गल्लीत तिला सगळे माय म्हणतात.

त्या वर्षी पाडव्याच्या आधी दोन दिवस पोरगी ब्लेडची पत्ती घेऊन खिडकीशी बसली होती. सुलट्या तांब्याची बोलणी ऐकून वहिनींनीच बसवलं होतं. रॉकेल शोधलं, आता ते कुठं मिळतं? टर्पेंटाइन आणलं, फडक्याला लावलं, काठाचा थोडा भाग सुटला. माय रस्त्यानं सरपण घेऊन चालली होती. खिडकीपाशी उभी राहिली. म्हणाली, "कामून खरवडायलीस गं?"

पोरगी म्हणाली, "दिवाळीचंय आजी हे. दिवाळी होऊन पाच महिने झाले."

"तुमची झाली," माय म्हणाली. "मपली परवा हाय. फोन आलता, पट्टा पडला. गाडी निघाली."

पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. एवढं बोलून ती पुढं गेली. पोरगी पत्ती हातात घेऊन तशीच बसली. मी भिंतीशी होते, काकूही होत्या. दोघींनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोरगी तोच लाल डबा घेऊन मागं गेली आणि मायच्या घराला काच नाही, पत्र्याचं एक झाकण आहे खिडकीला, त्यावर अशीच पणती काढून आली. पत्र्यावर तो रंग काचेपेक्षा चांगला बसतो. मायनं दाराच्या दोन्ही अंगाला गेरू ओढला होता. हात कापतो तिचा, कड वाकडी झाली होती. ट्रॅक्टर पाडव्याच्या आदल्या रात्री आला. सकाळी मायनं नातवाला अभ्यंगाची आंघोळ घातली, चैत्राच्या उन्हात, उटणं लावून. वहिनींनी अनारसे दिले. ते दिवाळीचे नव्हते हो, मुद्दाम केले होते.

"अनारसे मऊ पडले होते पण," काकू म्हणाल्या. "पीठ नीट मुरलं नव्हतं."

"आणि चिवडा कुणी दिला होता?"

"तो आपला घरात होता म्हणून," काकू म्हणाल्या आणि पदरानं भिंतीवरचं नसलेलं काहीतरी पुसलं.

तर तेव्हापासून पणती तशीच. पंचमीला तिच्या ज्योतीचा नागोबाचा फणा झाला, खाली दुधाची वाटी आयतीच होती. आषाढीला तिचं वृंदावन झालं. मध्ये काही महिने कुणाला काही सुचलं नाही आणि ती नुसतीच पणती राहिली. आणि आता परवा, १७ सप्टेंबरला, पोरीनं कमाल केली.

१७ सप्टेंबर म्हणजे आमचा मुक्तिसंग्रामाचा दिवस. १९४८ला याच तारखेला निजामाचं राज्य संपलं. औंदा त्याच दिवशी बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी रेल्वे सुटली. काकू म्हणतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून 'रेल्वे येणार' ऐकतायत. लग्नाचं वऱ्हाड एसटीनं आलं, बाळंतपणं एसटीनं झाली, गुडघे गेले, आणि आता रेल्वे आली. पोरीनं पणतीच्या पोटाचं इंजिनाचं तोंड केलं, ज्योतीचा दिवा केला आणि डबे काढले शेजारच्या काचेवर, निळ्या पोस्टर कलरनं, खिडक्या-खिडक्यांतून हात हलवणारी माणसं. गंमत अशी की खिडकी सरकती आहे. उजवी काच ढकलली की डबे खडखड करत इंजिनाच्या मागं निघून जातात. सगळी पोरं दिवसभर त्या खिडकीपुढं. वहिनींनी तीन वेळा खिडकी उघडून मिटून मला दाखवलं.

"पण गाडी उलटी चाललीय," काकू म्हणाल्या. "तोंड बार्शी नाक्याकडं केलंय तिनं. नगर तिकडं कुठं आहे?"

"काकू, काचेवरची गाडी आहे."

"म्हणून काय झालं? दिशा दिशाच असती." मग पुन्हा आवाज खाली. "आन् मी म्हणते, आता महिन्यानं परत दिवाळी. एवढं दोन वर्षं सांभाळलं, तर आता खरवडून पुन्हा काढायची कशाला? वहिनींनी काल नवी पत्ती आणलीय, मला दिसली. दसरा काढायलेत म्हणून काच लख्ख करायची म्हणे. मायचं माणूस जाणार दसऱ्याला. तिला जाता-येता दिसत नाही का ते?"

मी काकूंकडं बघितलं. दोन वर्षं ज्या बाईनं त्या पणतीवरून गल्ली डोक्यावर घेतली, ती हीच.

तेवढ्यात कोपऱ्यावरची खिडकी खडखडली, डबे सरकले आणि पोरगी दिसली. एका हातात पत्ती, दुसऱ्या हातात फडकं. तिनं वाकून काचेच्या काठाला नख लावलं. काकूंनी मान उंच केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी माझ्या घरामागच्या नळानं घसा खाकरला. आधी नुसती हवा, मग फुरफुर, मग धार.

"नळ आला!" मी ओरडले.

गल्लीभर दारं आपटली. काकू वळल्या, दोन पावलं गेल्या, परत भिंतीशी आल्या आणि कोपऱ्याकडं तोंड करून अशा ओरडल्या की मागच्या पत्र्यापर्यंत गेलं असेल:

"ए पोरी! ठेव ती पत्ती! आधी टिपाड लाव!"

कपबशी भिंतीवरच राहिली होती. ती संध्याकाळी पावसात भरली.